ऑस्कर रॉबर्टसन: विक्रमामागे झाकलेला खटला

बास्केटबॉल पाहणाऱ्या कुठल्याही पोराला ऑस्कर रॉबर्टसन हे नाव विचारा, उत्तर दोन शब्दांत मिळतं: ट्रिपल डबल. एकाच सामन्यात गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्ही रकान्यांत दोन आकडी संख्या गाठली की त्याला ट्रिपल डबल म्हणतात. १९६१-६२ च्या हंगामात ऑस्करने हे एखाद्या सामन्यात नव्हे, तर संपूर्ण हंगामाच्या सरासरीत करून दाखवलं. दर सामन्याला ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट. पुढची ५५ वर्षं एनबीएमध्ये हे कुणालाही जमलं नाही. २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकने ते केलं, तेव्हा ऑस्करचं नाव पुन्हा जगभर गाजलं.

गंमत अशी की ऑस्कर खेळत होता तेव्हा 'ट्रिपल डबल' हा शब्दच रूढ नव्हता. म्हणजे आज ज्या गोष्टीसाठी जग त्याला ओळखतं, ती त्याने ठरवून केलेलीच नाही. तो फक्त खेळत होता. आणि जी गोष्ट त्याने पूर्ण विचाराने, परिणाम ठाऊक असताना, स्वतःचं नाव घालून केली, ती मात्र फारशी कुणी सांगत नाही. १६ एप्रिल १९७० रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एनबीएच्या विरोधात एक खटला दाखल झाला. त्यातला पहिला वादी होता ऑस्कर रॉबर्टसन.

मित्रांनो, या लेखाचा मुद्दा सरळ आहे. ऑस्करचा खरा वारसा त्याच्या आकड्यांत नाही, त्या खटल्यात आहे. आणि आकडे लक्षात राहतात, खटला विसरला जातो, हे आपोआप घडत नाही.

मी वस्तीत एक अभ्यासिका चालवते. तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर एनबीएच्या क्लिप्स बघतात. लेब्रॉन, करी, सगळे त्यांना तोंडपाठ. एकदा एका मुलाला विचारलं, "ऑस्कर रॉबर्टसन माहीत आहे का रे?" तो म्हणाला, "हो ताई, ट्रिपल डबलवाला." मी विचारलं, "लेब्रॉनला २०१० मध्ये क्लीव्हलँड सोडून मायामीला जाता आलं, ते कसं?" तो गोंधळला. म्हणाला, "कसं म्हणजे? करार संपला, गेला." त्याला ती गोष्ट इतकी स्वाभाविक वाटली की त्यामागे काही लढाई असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. हक्काचं असंच होतं. मिळाला की तो हवेसारखा वाटतो, तो कुणी मिळवला हे विचारावंसं वाटत नाही.

म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगते.

ऑस्करचा जन्म २४ नोव्हेंबर १९३८ चा, टेनेसी राज्यातल्या ग्रामीण भागात. तो लहान असतानाच कुटुंब उत्तरेकडे इंडियानापोलिस शहरात आलं. दक्षिणेतल्या वर्णभेदापासून दूर जावं, कारखान्यात काम मिळावं, या आशेने त्या काळी लाखो काळे लोक असेच उत्तरेकडे येत होते. घरात चेंडू विकत घ्यायला पैसे नव्हते. ऑस्कर टेनिसचे चेंडू आणि रबर बँडने बांधलेल्या चिंध्यांचे गोळे घराच्या मागे टांगलेल्या पीचच्या टोपलीत टाकून नेम शिकला. १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथने हा खेळ सुरू केला तेव्हा त्यानेही पीचच्या टोपल्याच टांगल्या होत्या. फरक इतकाच की नाइस्मिथसाठी तो प्रयोग होता आणि ऑस्करसाठी गरिबी.

शाळा मिळाली क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूल. ही शाळा १९२७ मध्ये सुरू झाली. त्या दशकात इंडियाना राज्याच्या राजकारणावर कू क्लक्स क्लॅनची पकड होती आणि शहरातल्या सगळ्या काळ्या मुलांना गोऱ्यांपासून वेगळं काढून एका इमारतीत कोंडायचं, यासाठी ही शाळा उभी राहिली. पण त्या शाळेत घडलं वेगळंच. उच्चशिक्षित काळ्या शिक्षकांना गोऱ्यांच्या शाळा आणि विद्यापीठं दारात उभं करत नव्हती. एम.ए. झालेले, पीएच.डी. झालेले शिक्षक या हायस्कूलमध्ये शिकवू लागले. ज्यांनी वेगळं काढलं त्यांनी नकळत एक विद्यापीठच बांधून दिलं.

खेळात मात्र दार बंदच होतं. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने १९४२ पर्यंत काळ्यांच्या शाळांना राज्य स्पर्धेत घेतलंच नाही. घेतल्यानंतरही अ‍ॅटक्सकडे सामना भरवता येईल एवढं स्वतःचं जिम नव्हतं, त्यामुळे 'घरचे' सामनेही परक्या मैदानावर व्हायचे. प्रशिक्षक रे क्रो यांची मुलांना शिकवण होती की मैदानावर डोकं थंड ठेवा, चिथावणीला उत्तर द्यायचं ते खेळातून. पंच नेहमी आपल्या बाजूने नसतात, हे त्या मुलांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

१९५५ मध्ये ऑस्करच्या अ‍ॅटक्सने राज्य अजिंक्यपद जिंकलं. अंतिम सामन्यात गॅरी रूझवेल्ट या दुसऱ्या काळ्यांच्या शाळेला ९७-७४ ने हरवलं. इंडियानापोलिसच्या कुठल्याही शाळेने, गोऱ्या किंवा काळ्या, तोवर ते अजिंक्यपद जिंकलेलं नव्हतं. सर्वांसाठी खुल्या असलेल्या राज्य स्पर्धेत काळ्यांची शाळा विजेती होण्याचीही अमेरिकेतली ही पहिली वेळ.

आता बघा काय झालं ते. विजेत्या संघाची मिरवणूक शहराच्या मध्यभागी, मॉन्युमेंट सर्कलवर जायची आणि तिथेच जल्लोष व्हायचा, ही रीत. अ‍ॅटक्सच्या पोरांना अग्निशमन दलाच्या गाडीवर बसवलं, सर्कलला एक फेरी मारली आणि गाडी सरळ काळ्यांच्या वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्ककडे वळवली. काळ्यांची गर्दी मध्यवस्तीत जमली तर दंगा होईल, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटत होती. शहराला अजिंक्यपद हवं होतं, ते मिळवणारी माणसं चौकात नको होती. सोळा वर्षांचा ऑस्कर त्या पार्कात फार वेळ थांबला नाही. तो घरी निघून गेला. ती मिरवणूक तो पुढे आयुष्यभर विसरला नाही, वारंवार तिच्याबद्दल बोलत राहिला.

पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, अ‍ॅटक्सने एकही सामना न हरता पुन्हा अजिंक्यपद जिंकलं. ३१ पैकी ३१.

इथे एक सिनेमाची गोष्ट सांगायलाच हवी. १९५४ मध्ये मिलान नावाच्या छोट्या गावातल्या गोऱ्या मुलांच्या शाळेने राज्य अजिंक्यपद जिंकलं होतं. वाटेत त्यांनी कोवळ्या ऑस्करच्या अ‍ॅटक्सलाही हरवलं होतं. त्या विजयावरून १९८६ मध्ये 'हूझिअर्स' हा प्रसिद्ध सिनेमा निघाला. त्यात अंतिम सामन्यात हरणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाची छोटी भूमिका कुणी केली? रे क्रो यांनी. ज्यांनी प्रत्यक्षात लागोपाठ दोन अजिंक्यपदं मिळवली, त्यांना पडद्यावर जागा मिळाली ती हरणाऱ्याची. गावातल्या गोऱ्या पोरांचा विजय साऱ्या अमेरिकेची दंतकथा झाला. वर्षभरानंतरचा काळ्या पोरांचा विजय काळ्यांपुरता राहिला. समाजशास्त्रात आम्ही सामूहिक स्मृती हा विषय शिकलो, त्यात अवघड अवघड व्याख्या होत्या. मला या एका भूमिकेत तो सगळा धडा दिसतो.

हायस्कूलनंतर ऑस्कर सिनसिनाटी विद्यापीठात गेला. तीन हंगाम खेळला आणि तिन्ही वर्षी देशात सर्वाधिक गुण त्याचेच. पण संघ ह्यूस्टनला गेला तेव्हा हॉटेलने त्याला खोली नाकारली. बाकीचा संघ हॉटेलात आणि देशातला सर्वोत्तम खेळाडू काळ्यांच्या कॉलेजच्या वसतिगृहात. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकमध्ये जेरी वेस्टबरोबर त्याने अमेरिकेच्या संघाचं सहकर्णधारपद केलं आणि सुवर्णपदक आणलं. देशासाठी पदक आणायला चालतो, हॉटेलात झोपायला चालत नाही. हा विरोधाभास आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

त्याच वर्षी तो व्यावसायिक खेळाडू झाला, सिनसिनाटी रॉयल्स या संघाकडून. आता 'झाला' हे क्रियापद नीट बघा. संघ त्याने निवडला नाही. त्या वेळी 'टेरिटोरियल पिक' नावाचा नियम होता. एखाद्या संघाच्या परिसरातल्या कॉलेजात खेळलेल्या खेळाडूवर त्या संघाचा पहिला दावा. बाकीच्यांसाठी ड्राफ्ट होता, म्हणजे संघमालक पाळीपाळीने नवी मुलं निवडणार आणि ज्याने निवडलं त्याच्याशीच त्या मुलाने बोलणी करायची. जमलं तर ठीक, नाहीतर दुसरा संघ दाराशी उभा करणार नाही.

खरा फास मात्र कराराच्या आत होता. खेळाडूच्या छापील करारात 'ऑप्शन' कलम असायचं. करार संपला आणि खेळाडूने नव्यावर सही केली नाही, तर संघाला तोच करार आणखी एका वर्षासाठी लागू करण्याचा हक्क. हे कलम त्या वाढीव करारातही येतं, असा मालकांचा अर्थ. आणि एका मालकाच्या माणसाला दुसरा मालक हात लावत नाही, हा आपसातला शिरस्ता. म्हणजे कागदावर एक वर्षाची नोकरी आणि प्रत्यक्षात जन्मठेप. मालक मात्र खेळाडूला हवं तेव्हा दुसऱ्या संघाला देऊन टाकू शकत होता. बेसबॉलमध्ये अशा व्यवस्थेला 'रिझर्व्ह क्लॉज' म्हणत. राखीव! आपल्याकडे राखीव जागेवरून एवढा गळा काढणारे लोक आहेत. तिथे अख्खा माणूस मालकासाठी राखीव होता आणि त्याला सगळे 'खेळाची परंपरा' म्हणत होते.

याला मी गुलामी म्हणणार नाही. गुलामी काय होती हे ज्यांच्या पणजोबांनी भोगलं त्यांच्या देशाची ही गोष्ट आहे, तिथे तो शब्द सैलपणे वापरू नये. खेळाडूंना पगार होता, टाळ्या होत्या. पण आपलं श्रम कुणाला विकायचं हे ठरवण्याचा हक्क ज्याच्याकडे नाही, तो कितीही उंच उडी मारत असला तरी स्वतंत्र कामगार नसतो. एवढं म्हणायला शब्दकोश लागत नाही.

खेळाडूंची संघटना होती. १९५४ मध्ये बॉस्टनचा गोरा स्टार बॉब कूझीने ती उभी केली होती, पण मालक तिला दाद देत नव्हते. पहिला जोरदार धक्का बसला १४ जानेवारी १९६४ रोजी. बॉस्टन गार्डनमध्ये ऑल-स्टार सामना होता आणि तो देशभर टीव्हीवर दिसणार होता. खेळाडूंची मागणी पेन्शनची होती. सामन्याची वेळ झाली तरी दोन्ही संघांचे खेळाडू ड्रेसिंग रूममधून बाहेर येईनात. बिल रसेल, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर, ऑस्कर, सगळे आत. टीव्हीवाले घाबरले, मालकांनी धमक्या पाठवल्या. शेवटी लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी पेन्शनचं वचन दिलं, तेव्हा कुठे खेळाडू मैदानात उतरले. त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला ऑस्कर रॉबर्टसन. क्लिप शोधाल तर त्याचा खेळ मिळेल. त्याआधीची बंद दाराची मिनिटं मिळणार नाहीत, तिथे कॅमेरा नव्हता.

१९६५ मध्ये ऑस्कर या संघटनेचा अध्यक्ष झाला. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळाच्या संघटनेचा तो पहिला काळा अध्यक्ष. १९७४ मध्ये निवृत्त होईपर्यंत, नऊ वर्षं, तो त्या पदावर राहिला. रात्री सामना, सकाळी प्रवास आणि मधल्या वेळेत वकील लॅरी फ्लायशर यांच्याबरोबर बैठका.

१९६७ मध्ये एबीए नावाची दुसरी लीग सुरू झाली आणि चित्र बदललं. खेळाडूंना पहिल्यांदा दोन गिऱ्हाइकं मिळाली. तरी ऑप्शन कलमाचा फास होताच. रिक बॅरी एनबीए सोडून एबीएत गेला, तेव्हा त्या कलमामुळे त्याला १९६७-६८ चा अख्खा हंगाम घरी बसावं लागलं. मात्र स्पर्धेमुळे पगार वाढू लागले. मालकांनी उपाय काढला: दोन्ही लीग एकत्र करून टाकायच्या. एकच बाजार, एकच भाव.

हे विलीनीकरण थांबवण्यासाठी आणि ड्राफ्ट व ऑप्शन कलमालाच आव्हान देण्यासाठी १९७० चा तो खटला होता. आधार होता १८९० चा शर्मन कायदा. उद्योगपतींनी संगनमत करून बाजार मुठीत ठेवू नये यासाठी केलेला कायदा. न्यायालयाने विलीनीकरणाला मनाई केली. मग मालक अमेरिकेच्या काँग्रेसकडे खास सवलत मागायला गेले. १९७१ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, ऑस्करने तिथे साक्ष दिली. मालकांना हवी ती सवलत मिळाली नाही.

आता दोन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली. खटला भरला तेव्हा ऑस्कर एकतीस वर्षांचा होता, खेळाडू म्हणून उताराला लागलेला. स्वतःच्या करारात त्याने अट घालून घेतली होती की आपल्या संमतीशिवाय आपल्याला दुसऱ्या संघाला देता येणार नाही. त्याच अटीच्या जोरावर त्याने बाल्टिमोरला जायला नकार दिला आणि त्याच एप्रिल महिन्यात, स्वतःच्या मर्जीने, तो मिलवॉकीला गेला. तिथे करीम अब्दुल-जब्बारबरोबर १९७१ चं अजिंक्यपदही जिंकला. म्हणजे ज्या हक्कासाठी तो कोर्टात उभा राहिला तो बऱ्याच अंशी त्याच्याकडे होताच. नव्हता तो बाकीच्यांकडे. निकाल लागला १९७६ मध्ये. तोवर ऑस्करला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्या विजयाचा एक दिवसही त्याने मैदानावर उपभोगला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे न्यायाधीश. खटला पुढे ज्यांच्यापुढे चालला त्यांचं नाव रॉबर्ट कार्टर. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते एम.ए.ला, खेळाशी काहीही संबंध नसलेल्या पेपरात. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' हा निकाल आम्हाला होता. थरगुड मार्शल यांच्यासोबत एनएएसीपीकडून तो लढा लढणारे आणि सर्वोच्च न्यायालयात कॅन्ससच्या काळ्या पालकांची बाजू मांडणारे वकील म्हणजे हेच कार्टर. १९७२ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये फेडरल न्यायाधीश झाले. बऱ्याच वर्षांनी बास्केटबॉलच्या खटल्यात ते नाव पुन्हा दिसलं, तेव्हा मी वाचता वाचता थांबले. काळ्यांना वेगळं काढण्यासाठी बांधलेल्या शाळेतून शिकलेला खेळाडू वादी आणि तशा शाळांची व्यवस्था कोर्टात पाडणारा माणूस न्यायाच्या खुर्चीत. हा योगायोग नव्हे. एका पिढीने शिक्षणाची लढाई लढली म्हणून पुढच्या लढाईत त्या खुर्चीत बसायला माणूस तयार होता.

१९७५ मध्ये कार्टर यांनी खटला मुळातच निकाली काढावा ही एनबीएची मागणी फेटाळली. ड्राफ्ट आणि ती कलमं कायद्याच्या कसोटीवर टिकणं अवघड आहे, हे त्यांच्या आदेशातून स्पष्ट झालं. मालक तडजोडीला आले. १९७६ च्या तडजोडीने ऑप्शन कलमाचा फास सुटला, ड्राफ्टचा विळखा सैल झाला, खेळाडूंना भरपाई मिळाली आणि करार संपल्यावर संघ बदलण्याचा मार्ग टप्प्याटप्प्याने मोकळा झाला. त्यानंतरच एबीएचे चार संघ एनबीएत सामील झाले. पूर्ण मोकळीक यायला १९८८ उजाडलं, पण पाया हाच. या तडजोडीला आजही 'ऑस्कर रॉबर्टसन रूल' म्हणतात.

आता त्याच वर्षीचा दुसरा खटला आठवा. जानेवारी १९७० मध्ये बेसबॉलपटू कर्ट फ्लडने आपल्या खेळातल्या रिझर्व्ह क्लॉजविरुद्ध दावा लावला. तोही काळा, तोही मोठा खेळाडू. संघटनेने त्याला खर्चाची मदत केली. पण वादी तो एकटाच होता आणि सुनावणीच्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात त्याच्या शेजारी येऊन बसला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द संपली, आयुष्याची घडी विस्कटली. कायद्याचाही फरक होता हे खरं, बेसबॉलला १९२२ पासून शर्मन कायद्यातून सूट होती आणि बास्केटबॉलला नव्हती. पण दुसरा फरकही डोळ्यांआड करू नका. ऑस्करच्या खटल्यात चौदा वादी होते. लीगमध्ये संघ चौदा, प्रत्येक संघाचा एक प्रतिनिधी. त्यात जॉन हॅवलिचेक होता, पुढे सिनेटर झालेला बिल ब्रॅडली होता, वेस अनसेल्ड होता, चेट वॉकर होता. काळे आणि गोरे, दोन्ही. मालकाने सूड घ्यायचं ठरवलं असतं तर त्याला प्रत्येक संघातला एक माणूस काढावा लागला असता.

याचं मोल मला पुस्तकात नाही, कामात कळलं. आमच्या भागातल्या कंत्राटी सफाई कामगार महिलांचा भविष्य निर्वाह निधी कापला जायचा, पण खात्यात जमा होत नव्हता. तक्रारीचा अर्ज तयार झाला आणि गाडी अडली ती एकाच प्रश्नावर: पहिली सही कुणाची? आधीच्या वर्षी एकीने एकटीने तक्रार केली होती, पुढच्या महिन्यात तिचं नाव हजेरीपटावरून गेलं होतं. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ताई, गोल सह्या करू. चुलीवरच्या तव्यासारख्या. पहिली कुणाची अन् शेवटची कुणाची, कुणाला कळायचं नाही." आम्ही कागदाच्या मधोमध मजकूर लिहिला आणि भोवती बावीस सह्या घेतल्या. त्या बावीसपैकी एकीलाही काढता आलं नाही. पैसे मात्र पुरते जमा व्हायला पुढे दीड वर्ष झगडावं लागलं.

न्यायालयात गोल सही चालत नाही. तिथे कुणाचं तरी नाव पहिलं लागतं. ऑस्करने ते नाव दिलं आणि त्याची किंमतही मोजली. निवृत्तीनंतर त्याला टीव्हीवर सामन्यांचं समालोचन करण्याचं काम मिळालं, ते एका हंगामातच संपलं. खटल्यामुळेच ते गेलं, असं त्याचं ठाम मत राहिलं. एवढा बुद्धिमान खेळाडू, पण एनबीएच्या कुठल्याही संघाचा तो कधी मुख्य प्रशिक्षक झाला नाही. ज्याने लीगला कोर्टात खेचलं त्याला लीगमध्ये खुर्ची कोण देणार? पुतळे आणि पुरस्कार मिळाले. १९८० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. आकड्यांचा सन्मान करायला कुणाचीच हरकत नसते, कारण आकडे कुणाकडे काही मागत नाहीत.

काही मित्र म्हणतात, ताई, हे तर कोट्यधीश खेळाडूंचं भांडण, आपल्या कष्टकऱ्यांना याचं काय? या आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. एक तर आजचे कोट्यधीश त्या लढाईनंतरचे आहेत. १९६४ मध्ये पेन्शनसाठी दार लावून बसावं लागत होतं, हे विसरू नका. दुसरं, प्रश्न रकमेचा नाहीच. पगार किती यावर हक्क ठरत असेल तर पगार वाढला की हक्क मागायचा नाही, असा त्याचा अर्थ होईल. आणि व्यवस्थेला नेमकं तेच हवं असतं. लेब्रॉन २०१० मध्ये स्वतःच्या मर्जीने मायामीला गेला तेव्हा लोकांनी त्याची जर्सी रस्त्यावर जाळली. मालक खेळाडूला विकतो तेव्हा तो धंदा असतो, खेळाडू स्वतः निघतो तेव्हा ती गद्दारी ठरते. पैसा आला तरी ही नजर गेली नाही. ही नजर आपल्या ओळखीची आहे.

आपल्या चळवळीतही एक सवय मला खटकते. कुणी आयएएस झाला, कुणी परदेशात गेली, कुणी पदक आणलं की आपण फलक लावतो. लावायलाच हवेत. त्या फोटोंनी लहान पोरांच्या डोळ्यांत चमक येते, ती मी रोज बघते. पण 'पहिला', 'पहिली' एवढंच मोजत राहिलो तर आपणही ट्रिपल डबलच मोजतोय. वर पोहोचलेल्या माणसाने मागच्यांसाठी कुठला नियम बदलला, हा प्रश्न आपण फलकावर लिहीत नाही. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतलं 'संघटित व्हा' हे पद 'शिका'इतकंच मोठं आहे. आपण मात्र सत्कार शिकण्याचा करतो आणि संघटनेचं काम गळ्यात पडलेलं लोढणं समजतो.

ऑस्कर शिकलेला होता, सर्वोत्तम होता, पैसे मिळवत होता. स्वतःचा करार त्याने सुरक्षित केलेला होता. तिथेच थांबला असता तरी त्याचे सगळे विक्रम आज तसेच राहिले असते, एक आकडाही कमी झाला नसता. बदललं असतं ते इतरांचं आयुष्य.

२०२१ मध्ये वेस्टब्रुकने ऑस्करचा कारकिर्दीतला १८१ ट्रिपल डबलचा विक्रमही मोडला. विक्रम असेच असतात, आज ना उद्या मोडतात. पण 'रॉबर्टसन विरुद्ध एनबीए' हा खटला कुणी मोडू शकत नाही. आज करार संपल्यावर जो जो खेळाडू, मग तो काळा असो, गोरा असो, की जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेला असो, आपण कुठे काम करायचं हे स्वतः ठरवतो, तो त्या चौदा नावांच्या आधारावर उभा असतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाच्या यशाची पोस्ट फॉरवर्ड कराल तेव्हा त्याखाली दोन प्रश्नही लिहा. या माणसाने कुठल्या कागदावर पहिली सही केली? आणि त्याच्या खाली उरलेल्या तेरा सह्या करायला आपल्यातलं कोण तयार आहे?